वाचनालयापुढं 'वाणिज्य' लिहून आलं

मार्च लागला की आमच्याकडे ग्रामपंचायतीचा भोंगा फिरायला लागतो, घरपट्टी भरा, पाणीपट्टी भरा, नाहीतर नळ कापू. या वर्षी शिपाई भाऊ सरळ वाचनालयाच्या पायरीवर आले. मी जुन्या पेपरच्या गठ्ठ्याला सुतळी बांधत होतो, त्यांनी बिल हातात दिलं आणि पाणी प्यायला आत गेले. बिल २,२६० रुपयाचं. आमच्या वाचनालयाला आजवर घरपट्टी कधी आलीच नव्हती, दिवाबत्तीचे वगैरे पैसे आम्ही दरवर्षी भरायचो पण घरपट्टीच्या रकान्यात कायम शून्य असायचं. यावेळी तिथं १,८४०, आणि दिवाबत्ती, आरोग्य, सामान्य पाणीपट्टी मिळून वरून ४२०. आणि वापराच्या रकान्यात एकच शब्द छापलेला, वाणिज्य.

तो शब्द पाहून मला पैशापेक्षा जास्त वाईट वाटलं, खरं सांगतो. आमचं ड वर्गाचं वाचनालय आहे, यवतमाळ जिल्ह्यातलं छोटं गाव, अनुदान येतं तेव्हा येतं, आणि एवढ्या पैशात आमचा एक पेपर वर्षभर चालतो. सकाळी पाच-साडेपाचला पोलीस भरतीची, तलाठी भरतीची पोरंपोरी येऊन बसतात, कारण घरी एकच खोली आणि त्यात म्हातारी माणसं झोपलेली. त्यांच्याकडून आम्ही एक रुपया घेत नाही. त्या जागेला वाणिज्य म्हणायचं म्हणजे काय.

तर मग मी गेलो ग्रामपंचायतीत. बाबू आमच्या ओळखीचेच, चांगला माणूस आहे, त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे फिरवून दाखवलं. म्हणाले, "भाऊ, तुमच्या बिल्डिंगमंदी झेरॉक्सचं दुकान हाय ना? मंग वाणिज्यच पडते ना." मी म्हटलं अहो दुकान एका खोलीत आहे, बाकी सगळं वाचनालय. तर म्हणाले, "सर्व्हेवाल्या पोरायनं जे मोबाइलात टाकलं तेच इथं आलं, मी काय करू सांगा." नवीन आकारणीसाठी बाहेरची पोरं येऊन गेली होती दिवाळीनंतर, कापूस वेचणीचे दिवस, गावात कोणी घरी नाही, त्यांनी रस्त्यावरून पाहिलं, समोर दुकानाचं शटर दिसलं, फोटो काढला आणि पूर्ण इमारत वाणिज्य करून टाकली. त्यांच्या मोबाइलात एका इमारतीला वापराचा एकच पर्याय टाकता येत होता. निवासी, वाणिज्य, नाहीतर औद्योगिक. वाचनालय, समाजमंदिर, मठ, बालवाडी, गोरक्षण यांच्यासाठी तिथं जागाच नव्हती.

मी म्हटलं जुनं रजिस्टर काढा. लोखंडी आलमारीतून कापडी पुठ्ठ्याचा जाडजूड नमुना ८, म्हणजे कर आकारणीची वही, निघाला, धूळ झटकली, पानं उलटता उलटता आमची ओळ सापडली. लाल शाईनं, वळणदार अक्षरात, 'सार्वजनिक वाचनालय, करमाफ'. ज्या कोणा ग्रामसेवकानं ते लिहिलं असेल त्याला समजत होतं की आपण काय लिहून राहिलो. ती लाल ओळ कॉम्प्युटरात चढलीच नाही. आमच्या घोळाचं मूळ तिथं आहे, आणि मला वाटतं विदर्भातल्या कितीतरी संस्थांचं तसंच झालं असेल, म्हणून हे सगळं सविस्तर लिहून ठेवतो, कोणाच्या कामी पडलं तर पडलं.

आधी कायद्याचं थोडं. ग्रामपंचायत कर लावते तो महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम १२४ खाली, आणि आकारणी कशी करायची ते १९६० च्या कर व फी नियमात आहे. इमारतींवर कर लागतो, आणि ज्या जमिनीला शेतसारा लागत नाही अशा जमिनीवर लागतो. म्हणजे एखाद्या गोरक्षण संस्थेची चार एकर शेती असेल तर तिचा हिशोब तलाठ्याकडे, शेतसाऱ्याचा, पण तिथं बांधलेला गोठा, ऑफिस, गोदाम हे ग्रामपंचायतीच्या वहीत येतं. लोक इथंच गोंधळतात आणि तलाठ्याचा ८अ घेऊन ग्रामपंचायतीत जातात. तलाठ्याचा गाव नमुना ८अ म्हणजे खातेदाराची जमीन, आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे कर आकारणीची वही, आठ आकडा सारखा आहे एवढंच. नमुना ९ मध्ये मागणी असते आणि भरलं की पावती नमुना १० ची.

२०१५ च्या शेवटी नियम बदलले आणि भांडवली मूल्यावर कर आला. म्हणजे जमिनीचा रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी तक्त्यातला दर, बांधकामाचा दर, इमारत किती जुनी त्याप्रमाणे घसारा, हे सगळं क्षेत्रफळाशी गुणायचं, मग त्याला वापराचा भारांक, म्हणजे वापराप्रमाणे गुणायचा आकडा, लावायचा आणि शेवटी ग्रामपंचायतीनं ठरवलेला दर, हजार रुपयामागं अमुक पैसे. निवासीला भारांक १, औद्योगिकला १.२०, वाणिज्यला १.२५. मी घरी बसून आमचं गणित केलं. वाणिज्य खोडून नुसतं निवासी केलं असतं तर १,८४० चे १,४७२ झाले असते, म्हणजे ३६८ रुपयाचा फरक. बाबू मला तेच सुचवत होते, की भाऊ निवासी करून देतो, वाद मिटवा. पण वाचनालयात कोणी राहत नाही. एक चूक काढून दुसरी चूक कशाला लिहायची. खरा प्रश्न भारांकाचा नव्हताच, नफ्यासाठी न वापरलेली सार्वजनिक जागा मुळात घरपट्टीत धरायची की नाही हा होता.

आणि इथं मला एक गोष्ट पहिल्यांदा नीट समजली. सूट ट्रस्टला नसते, वापराला असते. आपल्याकडे संस्थेचे लोक धर्मादाय आयुक्तांचं सर्टिफिकेट लॅमिनेट करून घेऊन जातात आणि टेबलावर ठेवतात, की पाहा आम्ही ट्रस्ट आहो, आम्हाला कर नाही. मीही तेच केलं पहिल्या दिवशी. पण १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालची नोंदणी एवढंच सांगते की संस्थेचा उद्देश धर्मादाय आहे, म्हणजे गरिबांना मदत, शिक्षण, औषधोपचार, लोकोपयोगी काम वगैरे. इन्कम टॅक्सच्या सवलतीच्या नोंदण्या, लोक ज्यांना १२ए, ८०जी म्हणतात, हे तर अजून वेगळं, ते दिल्लीच्या कराचं, त्याचा घरपट्टीशी थेट संबंध नाही. कर लावणारा विचारतो की या छपराखाली, या भिंतीत, प्रत्यक्षात काय चालते. ट्रस्टच्या मालकीचं मंगल कार्यालय भाड्यानं जात असेल तर ते मंगल कार्यालयच.

महानगरपालिकांच्या १९४९ च्या कायद्यात हे फार स्वच्छ लिहिलं आहे, कलम १३२. जी इमारत किंवा जमीन फक्त सार्वजनिक पूजेसाठी किंवा सार्वजनिक धर्मादाय कामासाठी वापरली जाते तिला सामान्य करातून सूट. तिथं धंदा चालत असेल किंवा भाडं येत असेल तर सूट नाही, मात्र ते भाडं पूर्णपणे त्याच धार्मिक किंवा धर्मादाय कामाला लागत असेल तर गोष्ट वेगळी. आणि इमारतीचा काही भागच सुटीत बसत असेल तर तो भाग स्वतंत्र मालमत्ता समजायचा. हा कायदा आमच्या गावाला लागू नाही, तो अमरावती-अकोल्यासारख्या शहरांचा, पण विचार करायची रीत त्यात आहे. गावातही नफ्यासाठी नसलेल्या सार्वजनिक वापराच्या इमारतींना सूट द्यायची सोय आहे, फक्त ती कोणी मागितली पाहिजे आणि कागदानं दाखवली पाहिजे. आपोआप कोणी देत नाही.

शिक्षणसंस्थांचं तर सुप्रीम कोर्टानंच १९९२ मध्ये सांगितलं, दिल्ली महानगरपालिका आणि चिल्ड्रन बुक ट्रस्टच्या केसमध्ये. सोसायटी म्हणून नोंदली आणि शिक्षण देते एवढ्यावर संस्था धर्मादाय होत नाही, लोकांच्या देणग्यांचा आधार पाहिजे, लोकहित दिसलं पाहिजे, नुसती फी घेऊन शाळा चालवली तर ते धर्मादाय नाही. मला हा निकाल मनापासून पटतो. आमच्या तालुक्यात तीस-तीस हजार फी घेणाऱ्या इंग्लिश मिडियम शाळा आहेत, पिवळ्या बस गावोगाव फिरतात, त्यांचं बोर्डावर नाव 'बहुउद्देशीय शिक्षण प्रसारक मंडळ'. आणि फुकट अभ्यासिका चालवणाऱ्या वाचनालयाला वाणिज्य. मंडळाच्या नावावरून आकारणी केली की असंच उलटं होते.

रात्री बसल्या बसल्या बाहेरच्या देशात काय करतात तेही शोधलं. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात २०१३ पासून फायर ब्रिगेडसाठी प्रत्येक जमिनीवर एक लेव्ही, म्हणजे वेगळा कर, सुरू झाली, गोळा करायचं काम तिथल्या कौन्सिलकडे, म्हणजे आपल्या नगरपालिकेसारख्या संस्थेकडे. २०२५ पासून तिला नवीन नाव आणि मोठं रूप दिलं, त्यात आपत्तीत धावून जाणाऱ्या स्वयंसेवकांच्या संस्थाही आल्या. तिथं प्रत्येक जमिनीला वापराचा एक कोड असतो आणि त्या कोडवरून वर्ग ठरतो. निवासी, वाणिज्य, औद्योगिक, शेती, रिकामी जमीन, आणि एक वेगळा वर्ग सार्वजनिक हिताचा. शाळा, दवाखाने, चर्च, लायब्ररी असं त्यात येतं. एक ठरलेली रक्कम, अधिक भांडवली मूल्यावर वर्गाप्रमाणे दर. आणि मला महत्त्वाचं वाटलं ते हे की कौन्सिलचा नेहमीचा कर ज्यांना माफ आहे त्या धर्मादाय संस्थांनाही ही लेव्ही भरावीच लागते, कारण आग लागली तर गाडी त्यांच्याकडेही येते. आणि तिथल्या स्थानिक संस्थांच्या १९८९ च्या कायद्यात कर माफ व्हायला 'फक्त धर्मादाय कामासाठी' असा वापर पाहिजे, जागेत वस्तूंची किरकोळ विक्री असली तर तो वापर 'फक्त' धरत नाहीत. म्हणजे आमच्या झेरॉक्सच्या दुकानाचा प्रश्न तिकडेही तोच आहे. फरक एवढा की त्यांच्या यादीत सार्वजनिक हित नावाचा रकाना आहे. आमच्या सर्व्हेच्या मोबाइलात तो नव्हता. एक रकाना, बस.

आता कोणी म्हणेल ग्रामपंचायतीलाही पैसे पाहिजेत. पाहिजेतच. आमच्या गावात नळयोजनेची मोटर जळली तर ती बांधायला पैसे कुठून येतात मला माहीत आहे, वसुलीतूनच येतात, आणि दर दुसऱ्या घराची घरपट्टी थकलेली असते कारण सोयाबीन पिवळं पडलं किंवा कापसाला भाव नाही. म्हणून मी आमच्या कमिटीत पहिल्यापासून सांगत होतो की दिवाबत्ती, आरोग्य आणि पाणी यात सूट मागायची नाही. रस्त्यावरच्या लाइटच्या उजेडातच आमची पोरं पहाटे येतात. आणि दुकानाच्या खोलीची घरपट्टी पण आपण भरायची. आमचे अध्यक्ष काकाजी, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, त्यांना हे पटेना, म्हणाले, "दुकानाचं भाडं वाचनालयालेच लागते, मंग त्याचा कर काहून द्याचा बाप्पा?" त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, महिन्याचे हजार रुपये येतात ते सगळे पेपरच्या आणि लाइटच्या बिलात जातात, एक पैसा कोणाच्या खिशात जात नाही. पण शेजारच्या टपरीवाल्यानं कर भरायचा आणि आमच्या खोलीतल्या दुकानाला माफ, हे मला बरोबर वाटलं नाही, आणि शिवाय अर्ज खरा पाहिजे. जे धंद्याला दिलं ते धंद्याचं म्हणून दाखवलं तरच बाकीचं वाचनालयाचं म्हणून ठामपणे मागता येते. काकाजी दोन दिवसांनी म्हणाले, "लिही तू, तुले पटते तसं."

मग आम्ही मोजमाप केलं. रविवारी सकाळी, मी, भरतीची तयारी करणारी दोन पोरं आणि गवंडीकाम करणारे आमचे एक सभासद, त्यांच्याकडचा शंभर फुटी टेप. पूर्ण इमारत ३० बाय ३०, म्हणजे ९०० चौरस फूट. दुकानाची खोली आतून बाहेरून मोजून १० बाय १२, म्हणजे १२०. राहिलं ७८० वाचनालयाचं, त्यात वाचन कक्ष, पुस्तकांची खोली, मागचा व्हरांडा. कागदावर नकाशा काढला, दुकानाचा भाग लाल पेन्सिलनं रंगवला. १,८४० ला ९०० नं भागून १२० नं गुणलं की २४५ रुपये होतात. त्यात ४२० मिळवले की ६६५. एवढे भरायला आम्ही तयार, असं अर्जात आकड्यासकट लिहिलं.

अर्ज लिहिताना दुसरीच अडचण निघाली. नमुना ८ मध्ये मालक म्हणून वाचनालयाचं नावच नव्हतं. गावातल्या ज्या गृहस्थांनी १९७८ मध्ये जागा दान दिली त्यांचंच नाव अजून चाललेलं, ते वारून वीस वर्षं झाली, नातू पुण्यात. दानपत्र होतं, रजिस्टर केलेलं, पण फेरफार, म्हणजे मालकाच्या नावातला बदल, कोणी केलाच नाही, लाल शाईची ती नोंद होती म्हणून कोणाला गरज वाटली नाही. सर्व्हेवाल्यांसाठी ही खासगी माणसाची दुकान असलेली इमारत होती, त्यांनी काय वेगळं लिहायचं होतं. तुमच्या संस्थेची इमारत असेल तर पहिलं हे तपासा. नमुना ८ हा मालकीचा पुरावा नाही, कोर्टात त्याच्यावर मालकी ठरत नाही, पण कर लावणारा तीच वही उघडतो. आणि विश्वस्त बदलले असतील तर धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट टाकलेला पाहिजे, नाहीतर अर्जावर सही करणारा कोण असा प्रश्न येतो. आमचा एक चेंज रिपोर्ट राहिलेला होता, त्यासाठी यवतमाळच्या दोन चकरा झाल्या.

अर्जाला आम्ही दानपत्राची नक्कल, ट्रस्टचं नोंदणीपत्र, तीन वर्षांचे ऑडिट, ग्रंथालयाच्या मान्यतेचं पत्र, दुकानाचा भाडेकरार, तो नकाशा आणि जुन्या नमुना ८ च्या त्या पानाची प्रत जोडली. ती प्रत सगळ्यात कामी आली. अर्ज दिला की पोच घ्या, तारीख शिक्क्यासकट. कारण ग्रामपंचायतीनं नाही म्हटलं तर पंचायत समितीकडे अपील करता येते, आणि तिथं आधी तारखाच पाहतात.

मासिक सभेत विषय आला तेव्हा मला बोलावलं. सरपंच ताईंनी नकाशा हातात घेऊन पाहिला, त्यांची पोरगी आमच्याकडेच अभ्यासाला येते, पण त्यांनी ते काही बोलून दाखवलं नाही. एका सदस्यानं बरोबर प्रश्न विचारला. म्हणाले, "मागच्या मैदानाचं काय? तिथं लग्नाचे मांडव पडते, तुमी पाचशे रुपये घेता." घेतो. कडुनिंबाखालची ती मोकळी जागा एरवी पोरांच्या कबड्डीसाठी असते, पण उन्हाळ्यात गावातल्या गरिबाच्या लग्नाला दुसरी जागा नाही, आणि झाडझुड, पाणी मारणं यासाठी आम्ही पाचशे घेतो. मी पावतीपुस्तक सोबत नेलं होतं, टेबलावर ठेवलं. मागच्या वर्षात ११ पावत्या, ५,५०० रुपये, त्यातून कंपाउंडची एक बाजू बांधली, तिचं बिल पण जोडलेलं. ते पुस्तक सगळ्यांच्या हातातून फिरलं. कोणाची लग्नं तिथं झाली ती नावं वाचत वाचत दोघं-तिघं थांबले, एकाच्या स्वतःच्या पोरीचं त्यात होतं.

ठराव झाला की इमारतीच्या दोन नोंदी करायच्या. एक 'सार्वजनिक वाचनालय, ७८० चौ. फूट, घरपट्टी माफ', आणि दुसरी 'दुकान गाळा, १२० चौ. फूट, वाणिज्य', दोन्हीला मालक म्हणून वाचनालयाचं नाव. मैदानाबद्दल मात्र एकमत झालं नाही, ते पंचायत समितीच्या विस्तार अधिकाऱ्यांकडे अभिप्रायाला पाठवलं आहे. आम्ही कमिटीत ठरवलं की ते जे सांगतील ते मानू, आणि तोपर्यंत पाचशे घेणं बंद, झाडझुड आम्हीच करू.

३१ मार्चला दुपारी मी ६६५ रुपये भरले. बाबूंनी नवीन नमुना ८ ची प्रिंट काढून दिली आणि मला न विचारता पहिल्या ओळीखाली लाल पेनानं रेघ मारली. पावती फाइलला लावली आहे, दानपत्राच्या मागं.